पेटीवरचा आराखडा

कागद सापडेना, म्हणून
द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा फाडून उताणा केला.
विश्रामबागेतली दुसऱ्या मजल्यावरची खोली,
भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, पंखा बंद,
घामानं मार्कर बोटांत फिरतोय.
रेवण म्हणाला, सहा भाग. वीस-वीस मिनिटांचे.
वीस मिनिटांत माणूस इथून मिरजेला पोचतो,
फाटक लागलं नाही तर.

भाग पहिला : गुणगुण.
इथं आपण बोलायचं नाही. नुसती माशी ऐकवायची,
मग हळूच एकेकीचं नाव घ्यायचं :
सातेरी, फुलोरी, आग्या,
आणि ती डंख नसलेली, बारकी,
भिंतीच्या भेगेत राहते, कुणाला काही मागत नाही.

भाग दुसरा : बयाजी तात्या, शिराळ्याच्या डोंगराकडचे.
पेट्या टेम्पोत भरतात ते रात्री,
माशी घरात आली की दारं लावून.
उजाडता आटपाडीत. डाळिंबाच्या बहराला, भाड्यानं.
गेल्या साली चाळीस नेल्या.
परत उतरवताना एकोणीस हाताला हलक्या लागल्या.
'मेल्या म्हणायचं का?' मी विचारलं.
'मेल्या तर मढी दिसत्यात. ह्या गेल्या.'
हे बोलताना तात्या शेंगा फोडत होते.
टरफलांचा आवाज ठेवायचा की काढायचा
यावर मी आणि रेवण अर्धा तास भांडलो.

भाग तिसरा : कारणं.
याच्यापुढं नुसते बाण आहेत,
एकमेकांच्या अंगावर गेलेले.

भाग चौथा : दाजी.
माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, सावळजला तीन एकर बाग.
'आमच्या द्राक्षाला माशी लागतच नाही,' ते म्हणाले,
'घड आपला आपण धरतो.
आभाळ आलं की मी फवारू नको तर काय करू,
तूच सांग, तुझं यंत्र चालूच हाय.'
खोटं बोलत नव्हते.
मी काहीच सांगितलं नाही, ते बावीस सेकंद रेकॉर्ड झालंय.
निघताना त्यांनी एक पेटी गाडीत ठेवली,
घरी जाऊन खा म्हणाले.
हा पुठ्ठा त्याच पेटीचा.

रात्री रेवणनं हेडफोन काढून माझ्या कानाला लावले.
पहिल्या भागाची ती गुणगुण,
जिच्यावर आम्ही दोघं भाळलो होतो,
ती माशी नव्हती.
डाळिंबाच्या पल्याडच्या बागेतला ब्लोअर होता,
लांबून, वाऱ्यावर, गोड लागणारा.

तात्यांना फोन केला. ते हसले नाहीत.
म्हणाले, 'माईक ठेवून बसू नगंस.
पेटीवर टिचकी मार आणि कान लाव.
घरात असल्या तर एकदा हुंकारत्यात,
सगळ्या मिळून, एकदाच, आणि गप्प.
नसल्या तर लाकूड वाजतं.'

म्हणून आता पहिला भाग खोडला.
त्या जागी : टिचकी. हुंकार.
दुसरी पेटी, टिचकी. हुंकार.
तिसरी पेटी, टिचकी.
आणि मग किती वेळ थांबायचं?
रेवण म्हणतो चार सेकंद, जास्त झालं तर
लोकांना वाटेल मोबाईल बंद पडला.
वाटू दे. काढू दे खिशातून, बघू दे.

पाचव्या-सहाव्याला जागा उरली नाही,
पुठ्ठ्याच्या त्या कडेला द्राक्षांचा रस लागलाय,
मार्कर उमटत नाही.

फोन ठेवता ठेवता तात्यांनी विचारलं,
'कधीपत्तोर हुईल तुमचं?
जांभळाला मोहोर आला की मला बोलाया सवड न्हाई.
एकवीस हायत अजून.'